इंदापूरजवळ थांबलेला आवाज



लेकीच्या घरी जाताना, दवाखान्याला, सोलापूरकडं कुणाच्या लग्नाला, आपण पुणे-सोलापूर रस्त्यानं किती वेळा गेलो असू त्याची मोजदाद नाही. भिगवण मागं पडलं की डाव्या अंगाला उजनीचं पाणी दिसायला लागतं, मासळीच्या खानावळी लागतात, उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात आणि मग इंदापूर. याच इंदापूरजवळ २९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटारीच्या अपघातात एक माणूस गेला. उजनीचं पाणी तेव्हा अजून आलेलं नव्हतं. माणूस इथला नव्हता. मूळचा बार्शीचा, राहायला मुंबईत. पण सगळा महाराष्ट्र त्याला आवाजावरून ओळखायचा. नाव शाहीर अमर शेख.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत मी हे नाव घेतलं. अठरा जणी होतो. सतरा जणींनी एकमेकींकडं बघितलं. एकट्या आत्या म्हणाल्या, "आमचं वडील सांगायचं, त्या माणसाच्या गाण्याला माईक लागत नव्हता." आत्यांचं वय सत्तरीच्या पुढं. त्यांच्यानंतर हे नाव आमच्या वस्तीवर कुणाला माहीत असेल, असं वाटत नाही. म्हणून आजचं हे बोलणं.

नाव घ्यायला कारणही घडलं होतं, ते आधी सांगते. आमचं भजनी मंडळ आहे. शेजारच्या गावात सप्ताहात भजन केलं, त्यांनी ५ हजार रुपये दिले. त्याच आठवड्यात वस्तीवरच्या एका मुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे गोळा करायचं चाललं होतं. एक जण म्हणाली, सगळे देऊन टाकू, देवाचं गाणं, देवाचे पैसे. दुसरी म्हणाली, "मी खुरपणीचा खाडा करून आले होते. माझी त्या दिवसाची मजुरी कोण देणार?" झालं. दोघी दोन दिवस बोलेनात. मला दोघींचंही पटत होतं. तेव्हा अमर शेखांची आठवण झाली, कारण या माणसानं जन्मभर गाणं म्हणून लोकांसमोर झोळी धरली, आणि झोळी दरवेळी दुसऱ्याची होती.

अमर शेख हे त्यांचं जन्माचं नाव नव्हे. जन्माचं नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. बार्शी म्हणजे मराठवाड्याच्या उंबऱ्यावरचं बाजाराचं गाव. भगवंताचं देऊळ, कापसाच्या गिरण्या, आणि कुर्डुवाडीहून येणारी ती छोटी रेल्वे, जिला लोक कौतुकानं बार्शी लाईट म्हणायचे. घर गरीब मुसलमानाचं. आईचं नाव मुनेरबी. पुढं मोठे शाहीर झाल्यावर त्यांच्या गाण्याचं मूळ लोकांनी शोधलं, तर ते या आईपाशी सापडतं. मुनेरबींना लोकगीतं येत होती, ओव्या येत होत्या, आणि पोरानं त्या ऐकत ऐकत कान तयार केला.

इथं मी जरा थांबणार आहे, कारण या गोष्टीतला हा भाग आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे.

जात्यावर बसलेल्या बायका तुमच्यातल्या थोरल्यांनी पाहिल्या आहेत. पहाटेचा अंधार, समोरासमोर दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एक हात खुंट्यावर, दुसरा मधूनमधून वैरण घालायला. जातं फिरायला लागलं की त्याची घरघर सगळ्या घरात भरते. त्या घरघरीच्या वर आवाज चढवला नाही तर समोरचीला ओवी ऐकू जात नाही. आणि ओवीची ओळ जात्याच्या फेऱ्यात बसावी लागते, नाहीतर हात आणि गळा दोन्ही अडखळतात. दम कुठं घ्यायचा, कुठं सोडायचा, हे जातंच शिकवतं. शिवाय दळण संपेपर्यंत गाणं पुरवायचं. पायली-दोन पायली दळायचं असेल तर तेवढ्या ओव्या तोंडात पाहिजेत. म्हणजे पाठांतर आलं, आणि पाठ संपलं की जागच्या जागी नवी जुळवणंही आलं. शाहिराला आणखी काय लागतं?

मुसलमानाच्या घरात मराठी ओवी कशी, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडेल. आपल्याला पडणार नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरमार्गे इंदापूरला येते, तेव्हा वाटेवर पाणी घेऊन कोण कोण उभं असतं ते आपण बघतो. जात्याला जात माहीत नव्हती. शेजारणी एकमेकींच्या घरी दळायला बसत, एकीची ओवी दुसरीच्या तोंडी जाई. त्या ओव्यांत भावाची वाट, सासरचा जाच, पांडुरंग, पीर, पाऊस, सगळंच असे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. एक लाख! आणि त्या म्हणणाऱ्या एकाही बाईला कुणी कधी मानधन दिलं नसेल. दळणाबरोबर गाणं फुकट, असाच हिशेब होता.

आता पोराकडं येऊ. मेहबूबला शाळा फार लाभली नाही. घरात पैसा नाही, मग मिळेल ते काम. मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत कामगार झाला. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात पुढं होता, म्हणून तुरुंगात गेला. विसापूरच्या तुरुंगात त्याला कम्युनिस्ट कार्यकर्ते भेटले आणि तिथून त्याची वाट ठरली. सुटल्यावर काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत होता, आणि तिथं त्याला अमर शेख हे नाव मिळालं. लता मंगेशकरही लहान वयात याच मास्टर विनायकांच्या कंपनीत पगारावर होत्या. घर चालवायला गाणं करणारी लेकरं त्या काळात बरीच होती.

मग मुंबई. मुंबईत परळ-लालबागला गिरण्यांत काम करणारी माणसं आपल्याच भागातून गेलेली. साताऱ्याची, सोलापूरची, नगरची, कोकणातली. बायको-पोरं गावाकडं, आणि हा एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर. दिवसभर साच्याचा खडखडाट आणि रात्री गावाची आठवण. या माणसांपुढं गाण्यासाठी १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तिघं जण मुख्य. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि आपले अमर शेख. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा गळा ही जोडी पुढं महाराष्ट्रभर गाजली.

या पथकानं तमाशा घेतला, पण त्यातलं आधी काय असायचं ते बदललं. गणपतीला वंदन व्हायचं तिथं देशासाठी, कामगारांसाठी मेलेल्यांना वंदन आलं. गवळणींची छेडछाड गेली. सावकार, काळाबाजारवाला, मालक ही मंडळी सोंगात आली. गंमत तीच, डफ-ढोलकी तीच, पण आता समोर आई-बहिणींनाही बसता येत होतं. मला हा बदल फार मोठा वाटतो. पुस्तकांत त्याला लोकनाट्य म्हणतात.

झोळीची गोष्ट इथून सुरू होते. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. लढाईचे दिवस होते, तांदूळ गोरगरिबांच्या आवाक्याबाहेर गेला, आणि साधारण ३० लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं मेली, असं मानतात. कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसं पेजेचं पाणी मागत फिरत होती. त्या वेळी देशभरातली अशी कलापथकं बंगालसाठी गात हिंडली. अण्णाभाऊंनी बंगालच्या हाकेवर पोवाडा लिहिला. मुंबईच्या चाळीत राहणारा कामगार, ज्यानं बंगाल कधी बघितला नव्हता, तो पोवाडा ऐकून खिशात हात घालत होता.

अशा कार्यक्रमाची रीत आपल्याला जत्रेतून माहीत आहे. गाणं ऐन रंगात आलं की एक-दोघं उपरणं किंवा चादर चारी कोपऱ्यांना धरून माणसांतून फिरायचे. आणा, दोन आणे, क्वचित रुपया. तिकीट लावलं तर ज्याच्याकडं पैसे तोच आत येणार. झोळीत मात्र ज्याच्याकडं एक आणा आहे त्यालाही जागा. आणि एक आणा टाकणारा माणूसही पुढच्या वेळी विचारतो, त्या पैशाचं काय झालं? म्हणून झोळीचा हिशेब चोख ठेवावा लागतो. आपल्या गटाचा हिशेब ठेवणाऱ्या सचिवबाईला हे वेगळं सांगायला नको.

स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई सरकारनं या कलापथकावर बंदी घातली होती. कारण गाणी सरकारलाही सोडत नव्हती. पण बंदीनं आवाज बंद होत नाही. गिरणीचा संप असो, शेतकऱ्यांचा मोर्चा असो, गोव्याच्या सत्याग्रहींची तुकडी निघायची असो, शाहीर तिथं उभे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्याआधी कितीतरी वर्षं महाराष्ट्रातून तरुण पोरं गोव्याच्या हद्दीत शिरून पोर्तुगीजांच्या गोळ्या आणि लाठ्या खात होती, आणि त्या पोरांच्या मागं गाणाऱ्यांचा, पैसा जमवणाऱ्यांचा मोठा घोळका उभा होता.

मग आली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. मुंबईसह मराठी राज्य पाहिजे, एवढी साधी मागणी. त्यासाठी शंभराहून जास्त माणसं गोळीबारात गेली. शिवाजी पार्कच्या सभेत आधी अमर शेखांचं गाणं आणि मग आचार्य अत्र्यांचं भाषण, असा बेत असला की मैदानात पाय ठेवायला जागा नसे. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून गावोगाव गेली. ऐकताना वाटतं, मुंबईला गेलेला नवरा गावाकडच्या बायकोच्या आठवणीनं झुरतो आहे. आणि ऐकता ऐकता कळतं की ही मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग हा तुटून राहिलेला मुलूखही आहे. आपल्या आजीला नवऱ्याचं मुंबईला जाणं माहीत होतं, म्हणून तिला राज्याचं तुटणं कळलं. १ मे १९६० ला राज्य झालं. बेळगाव राहिलं ते राहिलंच.

अत्रे त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणायचे. मायकोव्हस्की हा रशियातला कवी, क्रांतीच्या काळात मैदानात उभा राहून हजारो माणसांना कविता ऐकवणारा. मला स्वतःला ही उपमा फारशी रुचत नाही. आमच्या शाहिराला रशियापर्यंत कशाला न्यायचं, त्याचं मूळ मुनेरबीच्या जात्यापाशी आहे! पण अत्र्यांचं प्रेम होतं, ते असू द्या.

कविताही त्यांनी लिहिल्या. 'कलश' हा त्यांचा संग्रह १९५८ चा, 'धरतीमाता' १९६३ चा. सिनेमातही दिसले. १९६१ सालच्या 'प्रपंच' सिनेमात सुलोचनाबाईंबरोबर त्यांनी काम केलं. गरीब कुंभार, पदरात पोरंच पोरं, आणि पोसायला काही नाही, अशी गोष्ट. लहान कुटुंबाबद्दल सरकारच्या भिंती रंगायच्या आधी या सिनेमानं ती गोष्ट घरातल्या माणसांच्या तोंडून सांगितली. जुनी माणसं अजून 'प्रपंच' आठवतात. कुठं लागला तर बघा.

आता १९६२ साल. ते सांगितल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला. योगायोग असा की त्याच दिवशी शाहीर ४६ वर्षांचे झाले. शाहीर कम्युनिस्ट. चीनही कम्युनिस्ट. पक्षात दोन मतं झाली, भांडणं झाली, आणि १९६४ मध्ये पक्षच फुटला. गावोगाव लोक कम्युनिस्टाकडं संशयानं बघत होते. अशा वेळी गप्प बसणं सोपं होतं. अमर शेख गप्प बसले नाहीत. हिमालयाच्या बर्फालाच आग लागली आहे, असं गाणं त्यांनी रचलं आणि डफ घेऊन बाहेर पडले. कार्यक्रमांतून जो पैसा जमला तो देशाच्या संरक्षण निधीला दिला. ज्या यशवंतराव चव्हाणांच्या विरोधात संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत शाहीर गात होते, तेच यशवंतराव त्या नोव्हेंबरात दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. राज्यासाठी भांडणं वेगळी, आणि घराला आग लागली की बादली घेऊन धावणं वेगळं. शाहिरांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

त्या निधीला बायकांनी काय दिलं ते आपल्या घरातल्या थोरल्या बायकांना विचारा. देशभर बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. बांगड्या, अंगठ्या, कुणी मंगळसूत्रातले मणी. आमच्या आजेसासूबाईंच्या कानात उतारवयात काही नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "चीनला दिलं." चीनला म्हणजे चीनच्या लढाईला. आम्ही पोरी हसायचो. आता हसू येत नाही. एक सोन्याची फुलं, तीही माहेरची. नवऱ्याला विचारून दिली की न विचारता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

गाणाऱ्यांनी देशकार्याला पैसा उभा करून देणं महाराष्ट्राला नवं नव्हतं. १९२१ च्या जुलैत मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन मोठ्या नटांनी, ज्यांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धेत होत्या, एकत्र येऊन 'मानापमान' नाटकाचा प्रयोग केला आणि १६ हजारांच्या वर रुपये टिळक स्वराज्य फंडाला दिले. लतादीदींची गोष्ट तर तुमच्या ओळखीची. १९८३ साली आपल्या क्रिकेटच्या पोरांनी विश्वचषक आणला, तेव्हा त्यांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडं पैसे नव्हते. दीदींनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. या मोठ्या नाटकघरांतल्या, स्टेडियममधल्या गोष्टी. तिकिटाची रांग, पुढच्या खुर्च्यांना जास्त भाव.

पण मला राहून राहून आठवतात त्या आपल्याच जिल्ह्यातल्या विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म पंढरपूरचा, १९३५ चा, फड नारायणगावचा. पोटूशी असताना फडावर उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्या तेव्हा कनातीमागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही त्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चीनच्या लढाईत जवानांपुढं कार्यक्रम करायला त्या सरहद्दीवर गेल्या होत्या. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान, १९५७ आणि १९९० मध्ये. आणि १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागवावं लागलं. आज त्यांच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्काराची रक्कम लाखांत असते. ती दर वर्षी वाचताना मला ते बिल आठवतं.

म्हणून आमच्या गटात खाड्याचा प्रश्न विचारणारी बाई स्वार्थी, असं मला म्हणवेना. गाणं म्हणजे काम आहे. दिवसभराची खुरपणी सोडून, पोराला जावेकडं ठेवून, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून रात्री दोनपर्यंत टाळ वाजवणं हे काम आहे. जात्यावरच्या ओवीला कुणी काम म्हटलं नाही म्हणून ते फुकट गेलं. अमर शेखांनी झोळीत जमलेलं दुसऱ्याला दिलं, ते त्यांनी आपल्या मर्जीनं दिलं. मर्जीनं देणं आणि गृहीत धरून घेणं, यात जो फरक आहे तो बाईइतका कुणाला कळतो?

पुन्हा बैठक घेतली. वहीत लिहून हिशेब मांडला. मिळाले ५ हजार. जीपचं भाडं ७०० आधी काढलं. चार जणींचा खाडा झाला होता, ३०० प्रमाणे १२०० त्यांना दिले. उरलेले ३१०० त्या मुलीच्या आईच्या हातात दिले. खाड्याचे पैसे घेणाऱ्या चौघींतल्या एकीनं ते घेतले, वहीत अंगठा केला, आणि मग त्यातले १०० आपण होऊन मुलीच्या आईला दिले. भांडणारी होती तीच ही. आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. चहा झाला.

आता शेवटचं वर्ष. १९६९ चा पावसाळा मराठी माणसाला फार वाईट गेला. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले, वय जेमतेम ४८. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अमर शेख. ज्या तीन आवाजांनी संयुक्त महाराष्ट्राची मैदानं गाजवली ते तीन आवाज अडीच-तीन महिन्यांत बंद झाले. शाहिरांना ५३ वं वर्ष पुरं व्हायचं होतं. मुलगी मल्लिका तेव्हा बारा वर्षांची. पुढं ती मल्लिका अमर शेख या नावानं मराठीतली नावाजलेली कवयित्री झाली. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे तिचं आत्मकथन १९८४ सालचं. नावातच वादळ आहे. संसारात बाईच्या वाट्याला काय येतं ते इतकं उघड लिहिणाऱ्या तेव्हा फार नव्हत्या. आजीचं गाणं जात्यावर, बापाचं गाणं मैदानात आणि नातीचं बोलणं कागदावर, असा हा एका घरातला तीन पिढ्यांचा प्रवास. त्यातली पहिली अक्षरं न गिरवताच गेली असेल, आणि तिसरीची पुस्तकं दुकानात मिळतात.

मुंबई विद्यापीठात आता शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. तिथं मुलं-मुली लोककलेचा अभ्यास करतात. ज्याला शाळा परवडली नाही त्याच्या नावानं विद्यापीठात अभ्यास, हे वाचून मला बरं वाटलं.

इंदापूरच्या बाजूनं जाणाऱ्या आपल्या पोरांना मात्र हे नाव कुठून कळणार? म्हणून आमच्या गटानं येत्या २९ ऑगस्टला एक छोटा कार्यक्रम धरला आहे. भाषण नाही. नववी-दहावीच्या मुली शाहिरांची माहिती वाचून दाखवतील आणि ज्या बायकांना ओव्या येतात त्या म्हणतील. गाडीभाडं आणि खाडा आधीच वहीत धरला आहे.

आत्यांना विचारलं, तुम्ही म्हणाल का? आधी नाही म्हणाल्या. चाळीस वर्षांत जात्याला हात लावला नाही, आता काय आठवतंय, म्हणाल्या. मग माझ्या मुलीनं मोबाईल पुढं धरला, तशा भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटले आणि लागल्या म्हणायला. समोर जातं नव्हतं, तरी उजवा हात गोल फिरत होता. मधेच दम घ्यायला थांबल्या, तेव्हा डावा हात आपोआप बाजूला गेला, सुपातली मूठभर ज्वारी उचलल्यासारखा.